मच्छिंद्रच्या गाडीतला हीटर

"शिरूरला गाडीत हीटर कशाला लागतो रे? काश्मीरला निघालास का?" असं मी मच्छिंद्रला विचारलं आणि माझ्याच विनोदावर मीच हसलो. चौऱ्याहत्तर सालची दिवाळी नुकतीच सरली होती. पुणे-नगर रस्त्याला लागून माझं गॅरेज, म्हणजे वर चार पत्रे, खाली एक खड्डा आणि दारावर पाटी : खंडू मिस्त्री, सर्व गाड्या दुरुस्त. बायकोचं नाव म्हाळसा. त्यामुळे येणारा प्रत्येक ड्रायव्हर "देव जागेवर हायेत का?" असं विचारूनच आत शिरायचा. मला चिडवलेलं खपायचं, पण माझ्या कामाला नाव ठेवलेलं खपायचं नाही. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखणारा मिस्त्री तालुक्यात एकच आहे, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

मच्छिंद्र साळवे माझा जुना दोस्त. आम्ही दोघं एकाच मालट्रकवर क्लीनर म्हणून लागलो. पुढे तो ड्रायव्हर झाला, मी मिस्त्री. पुण्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरची काळी ऑस्टिन त्यानं घेतली आणि शिरूरच्या स्टँडवर भाड्यानं लावली. वऱ्हाडं, आजारी माणसं, कोर्टाच्या तारखा, सगळं त्या गाडीतून जायचं. गाडी विलायती, म्हणून तिला हीटर होता. समोरच्या फळीखाली बसवलेली एक लोखंडी पेटी. बटण ओढलं की आतला पंखा घुरघुरायचा.

मच्छिंद्र हसला नाही. गाडीतून त्याची लेक रंभा सावकाश उतरली. रंभा मांडवगण फराट्याला शाळेत बाई होती, नवरा साहेबराव दौंडला रेल्वेत फायरमन. तिला सहावा लागलेला दिसत होता.

"जय भीम, मामा," ती म्हणाली. "हसून झालं असलं तर जरा बघता का?"

मी ओशाळलो आणि तिला बसायला खोकं पुढं केलं. ती बसली नाही. गाडीला टेकून उभी राहिली आणि वर्गात धडा सांगावा तसं तिनं सगळं नीट सांगितलं.

"गेल्या पौषात माझी पोरगी सातव्यातच झाली, मांडवगणला. सुईण म्हणाली, दौंडला न्या, तिथल्या डॉक्टरीणबाईंकडं दिव्याची पेटी हाय, त्यात असली पोरं जगत्यात. आप्पा रात्री मुक्कामालाच होते. सकाळी निघालो. नदीकाठानं सगळं धुकं. आप्पांनी हीटरचं बटण ओढलं. मी पुढंच बसले होते, मुद्दाम. त्या पेटीच्या भोकापुढं मी तिला धरलं, गरम हवा लागंल म्हणून. गारच हवा यायची. आप्पा म्हणायचे, इंजिन तापू दे, आत्ता येईल गरम. अर्धा रस्ता मी तिला तशी धरून बसले, मामा. मग माझ्या ध्यानात आलं, की हवा गारच येणार. तवर ती निळी पडली होती."

मला तिचं पोर गेलं एवढंच ठाऊक होतं. सातव्यातलं पोर, ते कसलं जगतंय, असं सगळेच म्हणाले. मीही म्हणालो होतो.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोर नुसतं थंडीनं गेलं," रंभा म्हणाली. "औंदाबी लवकर व्हईल असं त्यांना वाटतंय. आठवा लागला की दौंडला येऊन राहा म्हणाल्या. पण पहिली आठवा लागायच्या आतच आली. रजा मला जानेवारीच्या मध्यापासून. तवर मांडवगणलाच हाय मी. म्हणून हा हीटर झाला पाहिजे. पौष लागायच्या आत."

मी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या मागच्या अंगाला हीटरकडे गरम पाणी नेणारा पितळी नळ असतो. त्या नळाच्या तोंडात बाभळीची खुंटी ठोकलेली होती, आणि नळापासून पेटीपर्यंत जे दोन रबरी पाइप असायला हवेत ते जाग्यावर नव्हते. ती खुंटी मीच तासली होती.

चार वर्षांपूर्वीच्या चैत्रातली गोष्ट. ऑस्टिन वऱ्हाड घेऊन चाललेली असताना उकळली. हीटरचे पाइप कुजून गळत होते. मी ते उपटून फेकले, नळात खुंटी मारली आणि गाडी तासाभरात रस्त्याला लावली. वऱ्हाडानं माझी वाहवा केली. हीटर बंद केलाय हे मच्छिंद्रला सांगावं असं माझ्या मनातही आलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? आपल्याकडे हीटर कोण लावतो?

मी बॉनेट खाली आपटलं.

"काय झालं रे?" मच्छिंद्रनं विचारलं.

"काय न्हाई. पाइप कुजल्यात," मी म्हणालो. "जुनी गाडी. व्हायचंच."

खोटं बोलतोय हे मला कळत होतं. पण बोललो खरा. रंभानं पर्समधून ताप मोजायची काचेची नळी काढली आणि माझ्या काळ्या हातावर ठेवली. "बाईंनी सांगितलंय, पोराभोवती हवा नव्वदच्या वर पाहिजे. हिचा पारा चौऱ्याण्णवापासून पुढं चढतो. बाळाला जिथं धरायचं तिथं ही धरा. पारा हलला की मी समजंन हीटर झाला. तवर न्हाई. आन् मला सारखं यायला बाईंनी बंदी केलीय, तवा मी कार्ड टाकत जाईन."

दुसऱ्या दिवसापासून मी बाकी गाड्या रांगेत उभ्या केल्या आणि ऑस्टिनला लागलो. पेटी खोलून आतली तांब्याची जाळी बाहेर काढली. शिरूरचं पाणी खारं, जाळीत चुन्यासारखा थर बसून भोकं बुजली होती. चिंचेच्या पाण्यात ती दोन दिवस भिजत घातली, मग धुण्याच्या सोड्यानं धुतली. दोन ठिकाणी पाझर निघाला, तो तांबटाकडून डाग देऊन घेतला. पंख्याचे कार्बन बदलले. ट्रकचे जाड पाइप कापून बसवले. ऑस्टिनच्या मापाची क्लिप मिळेना, म्हणून पाइपांची तोंडं तारेनं पिळून आवळली. शेवटी ती खुंटी काढली. ती मी भट्टीत टाकली आणि जळेपर्यंत तिथंच उभा राहिलो.

आठव्या दिवशी रंभाचं कार्ड आलं. सुंदर अक्षर, आणि मजकूर एकच ओळ : "मामा, पारा हलला का?"

त्याच दिवशी मी गाडी चालू केली, काचा वर केल्या आणि मच्छिंद्रला शेजारी बसवलं. पहाटेची थंडी चांगली होती. पाव तास गेला, अर्धा तास गेला. पेटीतून हवा येत होती, गार नव्हती, पण गरमही नव्हती. गाईच्या नाकातून यावी इतपत कोमट. नळी पाहिली. पारा जागचा हललेला नव्हता.

"आता येईल गरम," मी म्हणालो.

मच्छिंद्रनं माझ्याकडं वळून बघितलं. मागल्या वर्षी हेच वाक्य तो गाडी चालवताना बोलला होता, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. तो उतरला आणि स्टँडकडे निघून गेला.

मी पाइपातली हवा काढली. पंखा उलटा लावून पाहिला. नळाला शिव्या दिल्या, ज्यानं ही गाडी बनवली त्या साहेबाच्या सात पिढ्या काढल्या. दुसरं कार्ड आलं, तीच ओळ. तिसरं आलं. पोस्टमन कार्ड देताना स्वतःच विचारायला लागला, "हलला का हो मिस्त्री?" त्याच्यावर मी पाना उगारला. तालुक्यातला एकमेव मिस्त्री एका पेटीपुढं हात टेकून बसला होता.

मग एका सकाळी इंजिन तासभर चालल्यावर मी रेडिएटरवर तळहात ठेवला, आणि तो तसाच ठेवता आला. इतका वेळ चाललेल्या इंजिनाच्या रेडिएटरला हात लावून बघा, चटका बसतो. इथं आंघोळीच्या पाण्याइतकीही ऊब नव्हती.  दुखणं हीटरचं नव्हतंच. इंजिनच तापत नव्हतं.

इंजिनाच्या डोक्यावर, वरच्या पाइपाच्या तोंडाशी, एक छोटी पितळी झडप असते. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन गार असताना ती मिटलेली राहते आणि पाणी आतच कोंडते, म्हणजे इंजिन लवकर तापतं. पुरतं तापलं की झडप आपोआप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे गार व्हायला जातं. आमच्याकडे ही झडप म्हणजे मिस्त्री लोकांचा दुष्मन. उन्हाळ्यात गाडी उकळली की आम्ही पहिली ती झडप काढून भंगारात टाकतो. मग पाणी सतत फिरतं, गाडी उकळत नाही, गिऱ्हाईक खूश. हे आम्ही एकमेकांना अक्कल म्हणून शिकवतो. मी तर शिरूरच्या निम्म्या गाड्यांच्या झडपा काढल्या असतील. त्याच चैत्रात, त्याच तासाभरात, ऑस्टिनचीही काढली होती.

म्हणजे त्या पौषात पाइप जाग्यावर असते तरी मच्छिंद्रच्या नातीला गरम हवा मिळाली नसती. त्या हवेची वाट मी दोन्हीकडून बंद करून ठेवली होती.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हाळसानं खोदून विचारलं आणि मी तिला खुंटीपासून सगळं सांगितलं.  आम्ही धनगर. माझा बाप आयुष्यभर मेंढरांमागे फिरला.

"मामंजी थंडीत नवं कोकरू पोटाशी बांधून मैलोगणती चालायचे," ती म्हणाली. "त्यांनी एक कोकरू गारठ्यानं जाऊ दिलं न्हाई. आन् तुम्ही माणसाच्या लेकराची ऊब काढून ठेवली व्हय?"

"मला काय ठाऊक व्हतं, गं?"

"तवा ठाऊक नव्हतं. आता हाय ना? त्यांना सांगा."

"आधी दुरुस्त करतो. मग सांगतो."

"सांगा म्हंजी झालं," ती म्हणाली, आणि माझ्यापुढचं ताट उचलून घेऊन गेली.

रविवारी मी पुण्याचा जुना बाजार गाठला. पसरलेल्या गोणपाटांवरून वाकत वाकत सकाळपासून दुपारपर्यंत फिरलो. दुकानदार हसायचे. "थर्मोस्टॅट? लोक काढून टाकतात मिस्त्री, तुम्ही बसवताय?" जीपच्या होत्या, ट्रॅक्टरच्या होत्या, ऑस्टिनची नव्हती. एका म्हाताऱ्या बोहऱ्याकडे गंजक्या स्क्रूंच्या डब्यात तळाशी दोन सापडल्या. मापाला दोन्ही बसणाऱ्या होत्या. चांगली कोणती हे त्यालाही सांगता येईना, म्हणून दोन्ही घेतल्या.

शिरूरला उतरलो तो तडक शेजारच्या सगुणाबाईच्या चहाच्या टपरीवर गेलो आणि तिच्या उकळायला ठेवलेल्या पाण्याच्या पातेल्यात दोन्ही झडपा सोडल्या. तिनं हातातली गाळणी माझ्या डोक्यात घातली. "गिऱ्हाइकाला गंज पाजू का रे, मुडद्या?" मी पाण्यावरची नजर हलवली नाही. पाणी नुसतं गरम होतं तोवर दोन्ही मिटून पडल्या होत्या. वाफ दिसायला लागली तसं एकीचं तोंड हळूच किलकिलं झालं आणि उघडलं. दुसरी पाणी उकळलं तरी मिटलेलीच. ती असती बसवली तर इंजिन जळून गेलं असतं. मी पहिली चिमट्यानं उचलली आणि सगुणाबाईच्या पाया पडलो. तिला वाटलं मला वेड लागलं.

झडप बसवली. पुठ्ठा कापून जोडाला लावला, नट आवळले, रेडिएटरपुढे गोणपाट बांधलं म्हणजे समोरचा वारा थेट आत शिरायला नको. मग मच्छिंद्रला बोलावलं आणि गाडी गॅरेजच्या दारातच चालू ठेवली. दहा मिनिटांत पेटीतून आलेल्या हवेनं माझे पाय भाजले. मच्छिंद्रनं नळी बाळाला धरायच्या जागी धरली, डोळ्यांपाशी नेली, पुसली, पुन्हा बघितली.

"अठ्ठ्याण्णव," तो म्हणाला. "खंड्या, अठ्ठ्याण्णव!"

त्यानं मला मिठी मारली. बाहेर येऊन टपरीवरच्या लोकांना सांगायला लागला, की असा मिस्त्री पुण्यातसुद्धा नाही, हा देवमाणूस आहे. माझ्या नावाच्या त्या रोजच्या चेष्टेनं जे झालं नव्हतं ते या शब्दानं झालं. मला ते ऐकवेना. मी त्याचा दंड धरून त्याला खड्ड्यापाशी आत नेलं.

"मच्छिंद्र, हीटर जुना झाला म्हणून बंद नव्हता. मीच बंद केला व्हता. त्या चैत्रात. पाइप मी काढले, झडप मी काढली. तुला सांगितलं न्हाई. नातीला घेऊन निघालास तवा त्या पेटीत पाणीच नव्हतं."

 मला वाटलं मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं किल्ली घेतली, गाडीत बसला आणि निघून गेला. त्यानंतर स्टँडवर दिसलो तरी तो तोंड फिरवायचा. रंभाचं कार्डही आलं नाही. मला वाटलं, झालं आपलं. आणि तसं वाटून घेण्याचाही मला हक्क नव्हता.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी ऑस्टिन दारात येऊन थांबली. मच्छिंद्र उतरला नाही.

"हत्यारं घे. बस गाडीत," तो म्हणाला. "पोर व्हईस्तोवर मांडवगणला राहायचं."

गॅरेजमध्ये तीन गाड्या खोलून पडल्या होत्या. मी म्हाळसाला हाक मारली, कुलूप तिच्या हातात दिलं, बापाची घोंगडी घेतली आणि बसलो. 

मांडवगणला आम्ही रंभाच्या घरासमोर चिंचेखाली गाडी लावली आणि शेजारच्या पडवीत मुक्काम केला. रोज पहाटे मी उठायचो, गाडी चालू करायचो, अर्धा तास तापवायचो, नळी धरून पारा बघायचो, तारांचे पीळ चाचपायचो. मच्छिंद्र स्टिअरिंगवर बसून समोर बघायचा. पाणी हवं असलं की रिकामा डबा माझ्याकडे सरकवायचा. एवढंच आमचं बोलणं. गावातले लोक शेकोटीपाशी बसून मजा घ्यायचे. "मिस्त्री, गाडी बाळंत व्हायची का काय?" एरवी मी चौघांना पुरून उरलो असतो. तिथं मी मान खाली घालून ऐकत असे. रंभा दिवसातून दोनदा शाळेत जाता-येता समोरून जायची. "पारा किती?" विचारायची, मी आकडा सांगायचो, ती मान हलवून पुढे जायची. तिला बापानं काही सांगितलं नसावं, असं मी धरून चाललो. तिला मी सांगायला हवं होतं. पण तिच्या त्या पोटाकडे बघितलं की मी नुसता आकडाच सांगायचो. रोज ठरवायचो आणि रोज टाळायचो.

अकराव्या दिवशी पहाटेपासून घरात धावपळ सुरू झाली. सुईण अनसाबाई आत होती. मी गाडी चालू केली ती बंदच केली नाही. दिवस वर यायला लागला तेव्हा अनसाबाईनं दारातून ओरडून सांगितलं, "पोरगी हाय! मूठभर हाय! चला!"

मागच्या सीटवर रंभाला झोपवलं. पुढे मच्छिंद्र, मधे अनसाबाई मांडीवर कापसात गुंडाळलेली पोर घेऊन, आणि दाराशी मी. आत इतकं गरम होतं की अनसाबाईच्या कपाळावर घाम आला. बाहेर धुकं एवढं, की बॉनेटच्या पुढचं गोणपाटही दिसेना. नळी पोरीच्या कापसापाशी धरली. शहाण्णव. मी मोठ्यानं आकडा सांगितला. मागून रंभा म्हणाली, "दर मैलाला सांगत राहा, मामा."

शहाण्णव. सत्त्याण्णव. शहाण्णव. दर वेळी झटकून नळी पुन्हा धरायचो. उसाच्या बैलगाड्यांनी रस्त्याची चाळण केलेली होती. निम्म्याहून जास्त रस्ता सरला असेल. एका खड्ड्यात गाडी अशी आदळली, की माझ्या पायावर काहीतरी चटकन भाजलं. खाली वाकून बघितलं. पेटीला जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी तारेनं रबर कापलं होतं आणि उकळतं पाणी उडत होतं.

"पाइप सुटतोय," मी म्हणालो.

"थांबू का?" मच्छिंद्रनं विचारलं. एका महिन्यात तो मला पहिल्यांदा प्रश्न विचारत होता.

थांबायचं म्हणजे इंजिन बंद करायचं, पाणी निवू द्यायचं, पाइप कापून पुन्हा बसवायचा. तासभर. या धुक्यात, त्या मूठभर पोरीला घेऊन. आणि पाइप पुरता निसटला तर हीटरही गेला आणि इंजिनही.

"थांबू नको," मी म्हणालो. "मी धरतो. हळू चालव, पण थांबू नको."

मी सीटवरून खाली उतरून अनसाबाईच्या पायांशी उकिडवा बसलो, घोंगडीचा कोपरा पाइपाभोवती गुंडाळला आणि दोन्ही हातांनी पाइप पेटीच्या तोटीवर दाबून धरला. घोंगडी भिजली आणि मग तिचा काही उपयोग राहिला नाही. पहिला मैल मी शिव्या देत काढला. मग शिव्यांना लागणारा दमही पुरेना. सैल धरलं की पाणी उडायचं, घट्ट धरलं की हात भाजायचे. मी घट्ट धरलं. माझ्या तोंडापासून वीतभर वर ती पोर होती. तिचं नाक मला दिसत होतं, लालसर, हलतंय की नाही कळेना इतकं लहान.

"पारा?" मागून रंभाचा आवाज आला.

माझे हात मोकळे नव्हते. अनसाबाईला आकडे वाचता येत नव्हते. मच्छिंद्रनं एका हातानं गाडी धरली, दुसऱ्यानं नळी घेऊन झटकली आणि पोरीच्या कापसापाशी धरली. "पंच्याण्णव," तो म्हणाला.  "रंभे, पंच्याण्णव हाय. पोचतोच आता."

दौंडला रेल्वेचं फाटक उघडं होतं, हे नशीब. डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पोरीला घेतलं, पोटावर हात ठेवला आणि आत पळता पळता म्हणाल्या, "अंग गरम आहे! गरम आहे हिचं!" मी अजून खालीच बसलो होतो. मच्छिंद्रनं इंजिन बंद केलं आणि माझी बोटं पाइपावरून एक एक करून सोडवली, कारण मला ती सोडवता येत नव्हती.

पोरीला दिव्याच्या पेटीत ठेवलं. माझ्या दोन्ही हातांना मलम लावून पट्ट्या बांधल्या. दुपारी बाईंनी सांगितलं, वजन कमी आहे, पण श्वास नीट चाललाय, जगेल. ते ऐकून मी व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून रडलो. मच्छिंद्र तिथून उठून गेला नाही.

मग मी रंभाच्या खोलीत गेलो. आता टाळायचं नव्हतं.

"रंभा, तुला एक सांगायचंय. गेल्या वर्षी तो हीटर..."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "आप्पांनी त्याच दिवशी मांडवगणला येऊन सांगितलं. ओट्यावर बसून लहान पोरासारखे रडले. तुमचं तोंड पुन्यांदा बघायचं न्हाई म्हणाले."

"मग मला घ्यायला कसा आला?"

"मी पाठवलं. चार दिवस न्हाई म्हणत व्हते. मी सांगितलं, दुसरा कुठलाबी मिस्त्री आणला तर त्याच्यासाठी तो निसता पाइप असंल. खंडूमामांनाच ठाऊक हाय त्यातनं काय जातं ते."

 पट्ट्या बांधलेले हात मी कुठं ठेवू ते कळेना.

"मी माफ केलंय असं समजू नका," ती म्हणाली. आवाज थकलेला होता, पण शब्द एकही ढिला नव्हता. "मला अजून ती दिसती, त्या भोकापुढं धरलेली. ते कवा जाईल, जाईल का न्हाई, मला म्हाईत न्हाई. पण महिन्यानं हिला घरी न्यायचंय. त्याच गाडीतनं. तार चालायची न्हाई मामा, नीट क्लिप बसवा."

मी बाहेर आलो. मच्छिंद्र कुठूनतरी दोन क्लिपा घेऊन आला होता आणि बॉनेट उघडून इंजिनात वाकला होता. माझे हात बघून त्यानं पाना स्वतःच उचलला.

"कुठनं खोलायचं?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या शेजारी वाकलो आणि एक एक नट दाखवत गेलो.